सूचीबाई

प्रेमा पाटणकर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा मुलगा मकरंद त्यांना बेंगळूरला घेऊन आला. आईनं आयुष्यभर खडू झिजवले, आता तिनं आराम करावा, एवढीच त्याची इच्छा. आराम मिळाला, आणि तिथंच सगळं बिनसलं. कराडच्या शाळेत तीसहून अधिक वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला सर्जापूर रोडवरच्या बाराव्या मजल्यावर नेऊन 'आता काही करू नकोस' म्हणणं ही शिक्षाच होती. फक्त ती लाडानं दिलेली होती, त्यामुळं तक्रारही करता येत नव्हती.

मकरंद आणि सून केतकी सकाळी दोन खोल्यांत शिरून दारं लावून घेत आणि दिवसभर परदेशातल्या माणसांशी बोलत. स्वयंपाकाला बाई होती, फरशी पुसायला यंत्र होतं. प्रेमाबाई हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये अशा फिरत राहत. ते यंत्रही घरभर तसंच फिरायचं, पण त्याला निदान काम होतं.

आल्या आल्या त्यांनी एकच चौकशी केली होती, "उत्तर कुठल्या अंगाला?" मकरंदनं फोन काढून दाखवला. त्या फोनमधल्या नकाशावर बाईंचा विश्वास नव्हता. माणूस वळेल तसा वळणारा नकाशा माणसाला दिशा काय दाखवणार, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या बाईला लाटणं सापडेना. ते बाल्कनीत कणकेच्या गोळ्यात उभं रोवलेलं होतं, आणि प्रेमाबाई फरशीवर वाकून त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूनं खुणा करत होत्या. केतकी समंजस मुलगी. तिनं दुसरं लाटणं मागवलं आणि पहिलं सासूबाईंच्या हवाली केलं.

खरं तर भूगोल त्यांच्या वाट्याला अपघातानंच आला होता. कॉलेजात मराठीच्या जागा भरल्या, तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "भूगोल घ्या, तिकडं कोणी फिरकत नाही." पहिल्याच महिन्यात सरांनी अख्खा वर्ग संगमावर नेला. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून वळतात. त्याच घाटावर लहानपणापासून भेळ खाल्लेली ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा नदीकडे बघत राहिली, आणि भूगोलाचीच झाली. पुढं लग्न झालं. नवरा विलास बँकेत होता, माणूस भला, पण पक्का घरकोंबडा. तो होता तोवर आणि गेल्यावरही बाईंनी हिमालय, वाळवंट, सुंदरबन सगळं फळ्यावरच पाहिलं. शेवटची काही वर्षं दहावीच्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील होता. तो त्या असा शिकवत, की तिथं त्यांची एखादी बहीण दिली असावी.

नकाशाच्या बाबतीत मात्र त्या कुणाचं ऐकत नसत. आराखड्यात चिन्ह काढायचं, आणि त्या चिन्हाचा अर्थ कोपऱ्यात चौकट आखून सूचीत द्यायचा. नकाशाच्या पोटात कोंबलेली नावं त्यांना खपत नसत. "हा नकाशा आहे, लग्नाचा मांडव नाही, सगळ्यांना आत घ्यायला," असं म्हणत त्या लाल पेन्सिलीनं गुण कापत. सूची विसरलेल्याला तर दयामाया नव्हती. पोरांनी त्यांचं नाव 'सूचीबाई' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

इथं त्यांना या नावानं ओळखणारं कोणी नव्हतं. लिफ्टमध्ये त्या 'बाराशे चारची आंटी' होत्या. हात शिवशिवायचे. टीव्हीवर हवामानाचा नकाशा लागला की त्या उठून पडद्याजवळ जात आणि कमी दाबाचा पट्टा बोटानं दाखवत, मागं ऐकायला कोणी नसलं तरी. एकदा केतकीनं ते दारातून पाहिलं. त्याच संध्याकाळी तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की माझ्या सासूबाई भूगोलाच्या शिक्षिका आहेत, दहावीच्या कुणाला हवं असेल तर सांगा.

उत्तर एकच आलं, सातव्या मजल्यावरून. रघुनंदन राव मूळचे बेंगळूरजवळच्याच येलहंक्याचे. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेले, आणि घरात अजून मराठी टिकलेली. त्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं, की प्रेमाबाईंनी पहिल्या दिवशी निम्मं बोलणं अंदाजानं घेतलं. "अक्का, पोरीला स्वल्प जॉग्रफी सांगा," ते म्हणाले. "गणितात बरी आहे. हे एकटंच वोझं होऊन बसलंय तिला."

पोरगी म्हणजे आश्लेषा. ताडमाड उंच, गुडघ्याला कायम पट्टी, काखेत बास्केटबॉल. ती खाली कोर्टवर खेळून यायची, नाहीतर शिकून झाल्यावर खेळायला पळायची. प्रेमाबाईंना ती 'अज्जी' म्हणे. 'बाई म्हण' असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं, तर ती हसली. त्यांच्याकडे बाई म्हणजे भांडी घासणारी.

पुस्तक हातात घेतलं आणि प्रेमाबाईंचं तोंड उतरलं. सीबीएसईच्या सोशल सायन्समध्ये भूगोल म्हणजे चार भावांतला एक भाऊ, वाट्याला वीस गुण. ब्राझील तर कुठंच नव्हता. त्यांनी अनुक्रमणिका दोनदा चाळली. पण त्या खचल्या नाहीत. 'गाळाची मृदा' म्हटलं की आश्लेषा विचारी, "अज्जी, म्हणजे अ‍ॅल्युव्हिअल का?" आणि बाई आपल्याशी पुटपुटत, अ‍ॅल्युव्हिअल, अ‍ॅल्युव्हिअल. एक इंग्रजी शिकत होती, एक मराठी, आणि दोघी मिळून माती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दोघींनी लाटणं खाली कोर्टच्या कडेला उभं केलं. सूर्य बरोबर डोक्यावर आला आणि लाटण्याची सावली त्याच्याच बुडाखाली गेली. कराडला हा शून्य सावलीचा दिवस एकदा मेच्या सुट्टीत येतो आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला ऐन पावसाळी आभाळात, त्यामुळं उभ्या नोकरीत बाईंना तो एकाही वर्गाला दाखवता आला नव्हता. आश्लेषा लाटण्याभोवती फिरून सावली शोधत होती. "कुठं गेली, अज्जी?" त्या दिवशी प्रेमाबाई जेवल्या तेही उभ्याउभ्यानं. आनंदानं त्यांना बसवत नव्हतं.

नकाशेही सुरू झाले. धरणं, बंदरं, पोलादाचे कारखाने. आश्लेषानं पहिल्याच दिवशी टिंब काढून त्याच्या शेजारी नाव लिहायला सुरुवात केली, तशी बाईंनी तिची पेन्सिल धरली.

"आत नाही लिहायचं."

"अज्जी, मिसनी बाजूला लिहा म्हणून सांगितलं होतं वाटतं."

"वाटतं ना? मग नीट ऐकलं नसशील. धरणाला त्रिकोण, कारखान्याला चौकोन, आणि इथं कोपऱ्यात सूची. जगात कुठंही जा, नकाशा असाच असतो."

पोरीनं ऐकलं. तिची सूची दोन महिन्यांत अशी सुबक झाली की बाईंनी एक नकाशा फ्रिजवर चिकटवला. केतकीच्या डाएटचा तक्ता त्याच्याखाली झाकला गेला.

आता प्रेमाबाईंच्या येरझाऱ्यांना कारण मिळालं होतं. दुपारी तीन वाजल्यापासूनच त्या दाराशी घुटमळत, लिफ्टचा आवाज आला की कान टवकारत. ज्या दिवशी वर्ग नसे तो दिवस त्यांना खायला उठे. मग त्या बाल्कनीत उभ्या राहून खाली कोर्टकडे बघत. बाराव्या मजल्यावरून पोरी एवढ्याएवढ्याशा दिसत, पण आश्लेषा उंचीवरून ओळखू येई. तिची उडी बघितली की बाईंना उगाचच अभिमान वाटायचा, जणू उडीही त्यांनीच शिकवली होती.

जानेवारीत शाळेची प्री-बोर्ड परीक्षा झाली. पेपर मिळाल्याचं आश्लेषा काही बोलली नाही. "बरा गेला, अज्जी," एवढंच. पण त्या आठवड्यात संध्याकाळी कोर्टवर ती दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. बाकीच्या पोरी खेळत होत्या. प्रेमाबाईंना चैन पडेना. ती वर्गाला आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाय दुखावला का ग?"

"नाही, अज्जी. खेळ बंद आहे. बोर्ड होईपर्यंत."

"कुणी बंद केला?"

"अण्णांनी." अण्णा म्हणजे तिचे वडील. "मॅपचे मार्क गेले ना सगळे. क्लासमध्ये कुणाचेच जात नाहीत ते, फुकटचे असतात."

बाईंनी पेपर मागितला. ती टाळाटाळ करू लागली, घरी आहे, सापडत नाही. शेवटी त्यांनी वर्गातला आवाज काढला, कराडचा, आणि आश्लेषानं दप्तरातून घडी काढून दिली. नकाशा सुरेख होता. तुंगभद्रेचा त्रिकोण जागच्या जागी, भिलईचा चौकोन जागच्या जागी, कांडल्याचं चिन्ह किनाऱ्याला चिकटून. कोपऱ्यात पट्टीनं आखलेली चौकट, तिच्यात सूची. आणि वर लाल शाईत भोपळा. शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं, जागेजवळ नाव लिहिलेलं नाही, निष्काळजीपणा.

प्रेमाबाईंनी त्या चौकटीवरून बोट फिरवलं. ती त्यांचीच चौकट होती. निष्काळजीपणा हा शब्दही, म्हटलं तर, त्यांनाच उद्देशून होता. त्यांना नुसती लाज वाटली. हे बोर्ड वेगळं, इथला रिवाज वेगळा, एक जुना पेपर मागवून बघितला असता तरी कळलं असतं. पोरीनं विचारलंही होतं.

"अण्णांना काय सांगितलंस?"

"विसरले म्हणून सांगितलं."

"मी शिकवलं म्हणून नाही सांगितलंस?"

आश्लेषा गुडघ्यावरची पट्टी खरवडत राहिली. "सांगितलं असतं तर तुमचा क्लास बंद केला असता. त्यांना आधीपासून कोचिंगला घालायचं होतं." मग म्हणाली, "बोर्डाला मी बाजूला नाव लिहीन, अज्जी. झालं ना? तुम्ही काही बोलू नका."

ती गेली आणि प्रेमाबाई खाली उतरल्या. सोसायटीच्या आवाराला त्यांनी एक फेरी घातली, मग दुसरी, मग मोजायचंच सोडून दिलं. मूग गिळून बसणं अगदी सोपं होतं. पोरीला चूक कळली होती, बोर्डात ती सुधारणार होती, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. खेळ काय, दोन महिन्यांनी सुरू होईल. आणि वर्ग चालू राहील. तोंड उघडलं तर तो उद्यापासून बंद, आणि मग पुन्हा ते फरशी पुसणारं यंत्र आणि त्या. ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पाय आपोआप भरभर पडू लागले. कोर्टजवळून जाताना आतल्या पोरींपैकी एकीनं विचारलं, "आंटी, आश्लेषा कब आएगी?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि तसं केल्याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

वर आल्यावर त्यांनी मकरंदला सगळं सांगितलं. "आई, तीन मार्कांसाठी एवढं काय मनाला लावून घेतेस?" तो म्हणाला. "सोडून दे. तिनंच सांगितलंय ना बोलू नका म्हणून?"

"तिनं सांगितलं तिच्या वयाप्रमाणं," प्रेमाबाई म्हणाल्या आणि चप्पल पुन्हा पायात सरकवली.

सातव्या मजल्यावर दार रघुनंदनरावांनीच उघडलं. "या की, अक्का. बसा. कॉफी घेणार स्वल्प?" प्रेमाबाई बसल्या नाहीत. बसलं की बोलणं लांबतं, हे त्यांना पालकसभांमुळं ठाऊक होतं.

"आश्लेषा काही विसरली नव्हती," त्या म्हणाल्या. "नावं बाजूला लिहू नकोस असं मीच तिला शिकवलं. आमच्या बोर्डात तसं असतं. तिनं मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. तिचा खेळ बंद करू नका."

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि तिथंच थांबलं. रघुनंदनरावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनवर काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, "सरी, अक्का, ठीक आहे." चिडले नाहीत. चिडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. "तुम्ही येऊन सांगितलं, मोठं मन तुमचं. खेळू दे तिला. पण बोर्ड जवळ आलं ना? आता रिस्क नको. सोमवारपासून कोचिंगला घालतो. तुम्हाला पण त्रास."

"मला त्रास नव्हता," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि वळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आश्लेषा कोर्टवर होती. प्रेमाबाई बाल्कनीत उभ्या होत्या. त्यांच्यामुळंच ती खाली होती आणि त्यांच्यामुळंच वर नव्हती. चांगलं वागल्याचं समाधान वगैरे म्हणतात ते त्यांना कुठं सापडेना. सापडली ती नुसती हुरहुर. लिफ्टचा आवाज आला की मान अजून दाराकडे वळे. फ्रिजवरचा नकाशा काढायला त्या दोनदा गेल्या आणि दोनदा परत आल्या. मग त्यांनी हट्टानं आश्लेषाच्याच पुस्तकाची एक प्रत मागवली, जुने पेपर केतकीकडून छापून घेतले आणि एकटीनं बसून आराखडे भरले, टिंबाच्या शेजारी नाव लिहून. प्रत्येक वेळी हात कोपऱ्याकडे जायचा. प्रत्येक वेळी त्या तो मागं घेत. जमलं, पण भाजीला फोडणी राहून गेल्यासारखं वाटायचं.

सोशल सायन्सचा पेपर मार्चमध्ये होता. सकाळपासून प्रेमाबाईंचा जीव टांगणीला. चहा गार झाला, तो पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. दुपारी दीडची, पेपर सुटायची वेळ टळली, दोनही वाजून गेले. कोचिंगवाली पोरगी आपल्याकडे कशाला येईल, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि बजावता बजावताच बाल्कनीतून गेटकडे पाहिलं. रघुनंदनरावांची गाडी आत येऊन थांबलेली होती. म्हणजे ती आली होती आणि वर घरी गेली होती. बरोबरच होतं. त्यांनी लाटणं उचललं, कोरड्या कणकेचा गोळा खरवडून काढला आणि ते धुऊन स्वयंपाकघरात परत ठेवलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आश्लेषा, शाळेच्या गणवेशात, पाऊच हातात, धापा टाकत. लिफ्टची वाट न बघता ती पाच मजले चढून आली होती.

"अज्जी, मॅप आला. सगळं येत होतं मला."

"नावं?"

"बाजूला लिहिली. तिन्ही. टिंबाला चिकटून."

"शाबास," प्रेमाबाई म्हणाल्या. त्या दाराला टेकल्या. "मग झालं तर. गुण कुठं जात नाहीत."

आश्लेषा आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहून पाऊचची झिप उघडमीट करत राहिली. मग म्हणाली, "अज्जी, रागावणार नाही ना? पेपर संपला, वेळ स्वल्प उरला होता. तो कोपरा रिकामा दिसत होता. मग मी सूची पण काढली."

"अगं, पण कशाला? तुझ्या बोर्डाला लागत नाही ती."

"लागत नाही," ती म्हणाली. "पण त्याच्याशिवाय नकाशा झाल्यासारखाच वाटेना मला."

प्रेमाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग त्यांनी विचारलं.

"चौकट हातानं काढलीस, की पट्टीनं?"

"पट्टीनं, बाई."